जंगल राखण्याचा मोबदला : योजना आखताना सल्लागाराने काय तपासावे

जंगल राखणाऱ्यांना त्याचे पैसे मिळावेत, ही कल्पना इतकी सरळ वाटते की सल्ला मागायला येणारी मंडळी बहुतेकदा मनाशी निर्णय करूनच आलेली असतात. कोणाकडे निधी असतो, कोणाकडे जंगल असते, आणि दोघांनाही विचारायचे एवढेच असते की हेक्टरी किती. सल्लागाराने हा प्रश्न मागे ठेवावा. दराच्या आधी चार गोष्टी ठरायला लागतात आणि त्यांतली एक जरी जमली नाही, तर ‘ही योजना करू नका’ असा सल्ला द्यावा लागतो. तो द्यायची तयारी नसेल तर काम स्वीकारू नये.

पर्यावरणीय सेवांच्या (म्हणजे निसर्गाकडून लोकांना मिळणाऱ्या लाभांच्या) मोबदल्याची सर्वाधिक वापरली गेलेली व्याख्या स्वेन वुंडर या अर्थतज्ज्ञाने २००५ मध्ये मांडली. व्यवहार स्वेच्छेचा असावा, सेवा नेमकी ठरलेली असावी, निदान एक सेवा घेणारा आणि एक सेवा देणारा असावा, आणि सेवा मिळत राहिली तरच पैसे मिळावेत. प्रत्यक्षात या सगळ्या अटी पाळणाऱ्या योजना थोड्याच आहेत. मात्र शेवटची अट सुटली की मागे उरते ते साधे अनुदान. अनुदान देण्यात गैर काही नाही, पण मग जंगल त्या पैशामुळे टिकले असा दावा करू नये.

पायरी १ : सेवा कोणती आणि ती कोणापर्यंत पोचते

कोस्टारिकाच्या १९९६ च्या वन कायद्याने (क्रमांक ७५७५) जंगलाच्या चार सेवा मान्य केल्या : हरितगृह वायूंना आळा, पाण्याचे रक्षण, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य. सुरुवातीला ही यादी पुरेशी आहे. पण सल्ला देताना चारही एकत्र धरू नयेत, कारण प्रत्येकीचा ग्राहक वेगळा असतो. कार्बनचा, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड झाडांत साठवून ठेवण्याच्या सेवेचा, ग्राहक जगाच्या पाठीवर कुठेही असू शकतो. पाण्याचा ग्राहक त्याच नदीच्या खालच्या अंगाला बसलेला असतो. जैवविविधतेसाठी स्वतःच्या खिशातून पैसे काढणारा फारसा भेटत नाही, तिथे सरकार किंवा देणगीदारच पुढे येतात. निसर्गसौंदर्यावर हॉटेले आणि सहल कंपन्या कमावतात, पण वर्गणी मागितली की प्रत्येकाला वाटते, शेजारी देईल.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पाण्याच्या बाबतीत. ‘जंगल वाढले की पाणी वाढते’ असे वाक्य प्रस्तावात दिसले की तिथे थांबावे. झाडे मुळांनी पाणी ओढतात आणि पानांवाटे हवेत सोडतात. उघड्या गवताळ डोंगरावर दाट लागवड केली तर ओढ्याला येणारे वर्षभराचे पाणी बहुधा घटते. दक्षिण आफ्रिकेत शेजारशेजारच्या पाणलोटांची तुलना करणारे प्रयोग अनेक दशके चालले आणि पाइन-निलगिरीच्या लागवडीने प्रवाह कमी होतो हे त्यांतून मोजून निघाले. त्या देशाने १९९५ मध्ये उलटाच कार्यक्रम सुरू केला : पाणलोटात पसरलेली परकी झाडे काढण्यासाठी लोकांना मजुरी द्यायची. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पाणी देणाऱ्या डोंगरांवर १९३९ च्या वणव्यानंतर जे नवे जंगल उगवले, त्याने जुन्या उंच जंगलापेक्षा जास्त पाणी ओढले आणि धरणांकडे येणारा प्रवाह कित्येक दशके कमी राहिला.

याचा अर्थ जंगलाचा पाण्याला उपयोग नाही असा होत नाही. जंगल माती धरून ठेवते, त्यामुळे गाळ आणि गदूळपणा कमी राहतो. उतार ढासळत नाहीत. गुरांच्या पायांनी घट्ट झालेल्या जमिनीपेक्षा जंगलाच्या जमिनीत पाऊस जास्त मुरतो, त्यामुळे काही ठिकाणी उन्हाळी झऱ्यांना आधार मिळतो. उंचावरच्या मेघवनांत धुके पानांवर अडकून थेंबाथेंबाने गळते, तिथे जंगल खरोखरच पाण्यात भर घालते. म्हणून मेक्सिकोने २००३ मध्ये राष्ट्रीय योजना सुरू केली तेव्हा मेघवनाला हेक्टरी ४०० पेसो आणि इतर जंगलाला ३०० पेसो असा फरक ठेवला होता.

तेव्हा पहिल्या भेटीत जंगलाच्या आधी पाणीपुरवठा केंद्रात जावे. पावसाळ्यातल्या गदूळपणाच्या नोंदी, गाळण्या किती वेळा धुवाव्या लागतात, तुरटीवर किती खर्च होतो, धरणात गाळ किती साचला, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असते. त्यांची अडचण गाळाची असेल तर जंगल राखण्याचा सल्ला टिकेल. अडचण निव्वळ पाणी कमी पडण्याची असेल तर जलशास्त्रज्ञाला सोबत घेतल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

पायरी २ : पैसे दिले नाहीत तर काय होईल

सल्लागाराचे खरे काम या प्रश्नापाशी आहे. जे जंगल तसेही कोणी तोडणार नव्हते, ते न तोडण्याबद्दल पैसे दिले तर निधी संपतो आणि जंगलाच्या बाबतीत काहीच बदलत नाही. अभ्यासक याला अतिरिक्तता म्हणतात. साध्या भाषेत, पैशामुळे जास्तीचे काय घडले.

कोस्टारिकाची योजना जगभर नमुना म्हणून दाखवली जाते, आणि तिचे श्रेय मोठे आहेच. पण तिच्या पहिल्या काही वर्षांचे हिशेब तपासणाऱ्यांना दिसले की करारात आलेल्या जमिनींपैकी बऱ्याच उताराच्या, दूरच्या किंवा नापीक होत्या आणि त्या तशाही तुटल्या नसत्या. शिवाय त्याच १९९६ च्या कायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली होती. त्यामुळे जंगल कायद्याने वाचले, पैशाने वाचले की गुरांच्या मांसाचा धंदा पूर्वीसारखा फायद्याचा न राहिल्याने वाचले, हे वेगळे काढणे अवघड आहे. मेक्सिकोतही सुरुवातीचा बराच निधी तोडीचा धोका कमी असलेल्या भागांत गेला आणि नंतर निवडीच्या निकषांत धोक्याचे मोजमाप घालावे लागले.

धोका मोजायला आज महागडी साधने लागत नाहीत. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून मोफत आहेत. सेंटिनेल-२ ची दहा मीटर तपशिलाची चित्रे २०१५ पासून मिळतात. गेल्या वीस वर्षांत जंगल कुठून मागे सरकले ते नकाशावर उमटवावे, त्यावर रस्ते, उतार आणि वस्त्या टाकाव्यात, आणि मग तो नकाशा घेऊन गावात बसावे. उपग्रहाला तुटलेले दिसते, कोणी आणि का तोडले ते दिसत नाही. लोक सांगतात : इथे बाहेरचा ठेकेदार आला होता, इथे मुलांच्या वाटण्या झाल्या म्हणून नवी शेते काढली, इथे वणवा लागला.

कारण कळले की उपाय बदलतो. छोटे शेतकरी थोड्या उत्पन्नासाठी झाडे तोडत असतील तर मोबदला उपयोगी पडतो. युगांडाच्या पश्चिम भागातला प्रयोग हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. एकूण १२१ गावांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ६० गावे निवडली आणि तिथल्या वनमालकांना झाडे न तोडण्याबद्दल हेक्टरी वर्षाला ७०,००० युगांडन शिलिंग देऊ केले. दोन वर्षांत त्या गावांतले वृक्षाच्छादन ४.२ टक्क्यांनी घटले, तर बाकीच्या गावांत ९.१ टक्क्यांनी. तोड थांबली नाही, निम्म्याने कमी झाली, आणि तेवढे यशही मोठे आहे. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

उलट, तोड खाणीसाठी, मोठ्या मळ्यांसाठी किंवा नव्या महामार्गासाठी होत असेल, तर गावकऱ्यांना हप्ते देऊन ती थांबणार नाही. तिथे कायदा, परवाने आणि रस्त्याची आखणी यांवर बोलावे लागते. तसा सल्ला कोणाला आवडत नाही, कारण त्यात निधी वाटण्याचा कार्यक्रम नसतो.

पायरी ३ : विकण्याचा हक्क कोणाचा

कागदावरचा मालक आणि जंगल वापरणारा यांच्यात अंतर असते. मालकाशी करार झाला आणि सरपण आणणाऱ्या बायकांची वाट बंद झाली, तर मोबदला एकाच्या हातात आणि भुर्दंड दुसऱ्याच्या डोक्यावर, असे होते. हंगामी चराईला येणारे पशुपालक सभेच्या दिवशी गावात नसतात. भूमिहीन कुटुंबे यादीतच नसतात. कोस्टारिकात सुरुवातीला मालकीचे पक्के कागद मागितल्यामुळे अनेक छोटे शेतकरी बाहेर राहिले होते आणि पुढे नियम सैल करावे लागले.

म्हणून हक्कांचा तक्ता करावा : कोण काय घेतो, कोणत्या महिन्यात, कोणाच्या परवानगीने, आणि योजना आल्यावर त्याचे काय बंद होईल. बायकांची बैठक वेगळी, पशुपालकांची वेगळी. एकत्र सभेत जे बोलतात ते बहुधा आधीपासून ठरलेले असतात. आदिवासी आणि मूळनिवासी समाजांच्या बाबतीत २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने मुक्त, पूर्वसूचित आणि माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. संमती म्हणजे सभेतल्या सह्या नव्हेत. करार त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, विचार करायला वेळ द्यावा, आणि ‘नाही’ म्हटले तर काही बिघडत नाही हे त्यांना खरे वाटायला हवे.

पायरी ४ : पैसे कोण देणार आणि किती वर्षे

पैसे देणारा स्वतःच्या फायद्यासाठी देत असेल तर योजना टिकण्याची शक्यता जास्त. न्यूयॉर्क शहरापुढे गाळण केंद्र बांधायचे की शहराला पाणी पुरवणारे कॅट्सकिल-डेलावेअर पाणलोट राखायचे असा प्रश्न होता. केंद्राचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलर होता, पाणलोटाचा कार्यक्रम त्याच्या काही अंशात बसत होता, आणि १९९७ मध्ये शहर आणि वरच्या अंगाची गावे यांच्यात करार झाला. फ्रान्समध्ये व्हितेल या बाटलीबंद पाण्याच्या झऱ्यात नायट्रेट वाढू लागले तेव्हा कंपनीने वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी वाटाघाटी केल्या. त्यांनी मका सोडून गवत आणि गुरांकडे वळावे, रसायने टाळावीत, बदल्यात १८ किंवा ३० वर्षांचे करार, सुरुवातीची काही वर्षे हेक्टरी सुमारे २०० युरो, कर्जातून सुटका आणि फुकट तांत्रिक मदत. हे जमवायला जवळजवळ दहा वर्षे गेली. झटपट करार हवा असणाऱ्या ग्राहकाला हा कालावधी सांगून ठेवावा.

सरकारी पैसा असेल तर तो ठराविक स्रोताला बांधलेला आहे का ते पाहावे. कोस्टारिकात इंधनकराचा ३.५ टक्के वाटा राखून ठेवलेला आहे. इक्वेडोरच्या किटो शहरात २००० मध्ये जलन्यास स्थापन झाला आणि पाणी मंडळ आपल्या विक्रीतला ठराविक हिस्सा त्यात टाकते. प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या परदेशी अनुदानावर वीस वर्षांचा करार लिहून देणे मात्र गावाची फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

पायरी ५ : आता दर

१९९७ मध्ये जगातल्या सगळ्या परिसंस्थांच्या सेवांची किंमत वर्षाला सुमारे ३३ ट्रिलियन डॉलर असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून प्रत्येक अहवालात असा एखादा भव्य आकडा असतो. दर ठरवताना त्याचा उपयोग नाही. दराला खालची मर्यादा असते आणि वरची. खालची म्हणजे सेवा देणाऱ्याला सोडून द्यावे लागलेले उत्पन्न, वरची म्हणजे सेवा घेणाऱ्याचा वाचणारा खर्च.

कोणतेही चलन धरा. हेक्टरी शेती केल्यास निव्वळ १०० मिळणार आहेत, जंगल ठेवल्यास मध, सरपण, चारा यांतून ३० मिळतात. तोडायला आणि जमीन साफ करायला लागणारा खर्च वर्षांवर विभागून १० धरला, तर सोडून द्यावे लागणारे उत्पन्न ६० भरते. पाणी मंडळाचा वाचणारा खर्च हेक्टरी ९० असेल तर बोलणी ६० ते ९० मध्ये होतील. पण करार, मोजणी, देखरेख यांचा खर्च हेक्टरी २५ निघाला, तर जागा उरते फक्त ५ ची. पुष्कळ योजना याच टप्प्यावर व्यवहारातून बाद होतात. वरची मर्यादा खालचीच्या खाली गेली तर अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

घरोघरचे उत्पन्न विचारून खरी खालची मर्यादा मिळत नाही, कारण पैसे मिळणार आहेत हे कळल्यावर कोणीही आकडा वाढवूनच सांगेल. अशा वेळी उलटा लिलाव उपयोगी पडतो. मालकांनी आपला दर बंद पाकिटात द्यायचा, आणि खर्चाच्या मानाने सर्वाधिक फायदा देणारे प्रस्ताव निवडायचे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २००१ पासून स्थानिक रान राखण्यासाठी असे लिलाव केले. पण एकाच गावातल्या शेजाऱ्यांत लिलाव लावला की कुरबुरी होतात. छोट्या, एकमेकांत गुंतलेल्या वस्तीत सरसकट दर बरा, थोडा महाग पडला तरी.

न्यायाचा प्रश्नही दरातच सुटतो किंवा बिघडतो. इक्वेडोरच्या २००८ च्या राष्ट्रीय योजनेत जमीन जितकी मोठी तितका पुढच्या हेक्टरांचा दर कमी होत जातो, म्हणजे सगळा निधी मोठ्या जमीनदारांकडे वाहत नाही. ही पद्धत मला सरसकट दरापेक्षा कितीतरी पटते.

मोबदला रोखच असावा असे नाही. बोलिव्हियातल्या लोस नेग्रोस खोऱ्यात २००३ पासून वरच्या अंगाच्या कुटुंबांना मधमाश्यांच्या पेट्या आणि प्रशिक्षण दिले गेले, पुढे काटेरी तारही. रोख रक्कम एका पावसाळ्यात संपते, पेटी घरात राहते, असा त्यामागचा विचार. मात्र पेटी एकदा दिली की परत घेता येत नाही, त्यामुळे अटीचा धाक उरत नाही. वस्तू द्यायच्या तर त्याही हप्त्याहप्त्याने द्याव्यात.

आणखी एक जपून हाताळायची गोष्ट. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले, आणि दंड काढल्यावरही ते कमी झाले नाहीत. पैसे मधे आले की जे आधी लाजेने किंवा कर्तव्य म्हणून होत होते त्याचा व्यवहार होऊन बसतो. गाव देवराई म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपत असेल तर तिला दर लावायला जाऊ नये. त्या गावाला मदत करायची तर शाळा, रस्ता, वणवा विझवण्याची साधने अशी सामायिक करावी.

पायरी ६ : करार

करार दोन पानांचा असावा आणि वाचता येणाऱ्या भाषेत. हद्दीचा नकाशा, काय करायचे नाही, काय करायला मोकळीक आहे (हा भाग नेहमी विसरला जातो), हप्त्यांच्या तारखा, तपासणी कोण करणार, वाद कोण सोडवणार. सेवा घेणाऱ्याने पैसे थकवले तर काय, हेही लिहावे. करार सहसा सेवा देणाऱ्याच्या चुकांबद्दलच बोलतात.

वणवा, वादळ, कीड यांत सेवा देणाऱ्याचा दोष नसतो, तेव्हा अशा नुकसानीत वसुली होणार नाही असे कलम हवेच. कार्बनच्या व्यवहारात त्याची दुसरी बाजूही असते. हवेत गेलेला कार्बन परत येत नाही, म्हणून असे नुकसान भरून काढायला विकता येण्याजोग्या कार्बनमधला काही भाग न विकता राखीव ठेवतात.

सगळी रक्कम सुरुवातीला देऊ नये. तसेच सगळी शेवटीही ठेवू नये, कारण गरीब कुटुंब पाच वर्षे थांबू शकत नाही.

पायरी ७ : मोजणी

पहिला हप्ता देण्याआधी आजची स्थिती नोंदवावी, आणि शेजारचा, योजनेत नसलेला भागही त्याच पद्धतीने मोजावा. तो नसेल तर पाच वर्षांनी कोणी ‘हे तसेही झाले असते’ म्हटल्यावर उत्तर देता येत नाही. बोलिव्हियात पुढे लोस नेग्रोसच्या धर्तीवर मोठा प्रयोग झाला तेव्हा गावपातळीवर पाण्याच्या गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. तुलनेची गावे होती म्हणूनच हे कळू शकले.

कार्बनसाठी नमुना चौकोन आखून झाडांचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजतात आणि ३.१४ ने भागून व्यास काढतात. त्यावरून जातीनुसार सूत्राने कोरडा जैवभार (झाडाचे पाणी वगळून वजन) काढायचा. त्याला ०.४७ ने गुणले की कार्बन, आणि पुन्हा ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १०० टन कोरडा जैवभार सुमारे १७२ टन कार्बन डायऑक्साइडइतका. हे काम गावातली मुले-मुली थोड्या प्रशिक्षणावर नीट करतात. बाहेरच्या पथकापेक्षा त्यांना झाडांच्या जाती जास्त ओळखू येतात.

गळतीवर लक्ष ठेवावे. करारातला माणूस आपले जंगल राखतो आणि चुलतभावाच्या जंगलातून लाकूड आणतो, असे होऊ शकते. तोड सरकली की थांबली हे हद्दीबाहेर पाच-दहा किलोमीटर पाहिल्याशिवाय कळत नाही.

उल्लंघन सापडले तर शिक्षा चढत्या क्रमाने असावी : आधी बोलणे, मग हप्त्यात कपात, शेवटी करार रद्द. सामायिक साधनसंपत्तीवरच्या कामासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दीर्घकाळ टिकलेल्या गावसंस्थांत हाच क्रम पाहिला होता. पण शेवटची पायरी कधीच वापरली जाणार नसेल तर ती गावाला पहिल्याच वर्षी कळते.

पायरी ८ : मुदत संपताना

बहुतेक करार पाच वर्षांचे असतात आणि पाचव्या वर्षी कार्यालयात कोणी जुना माणूस उरलेला नसतो. म्हणून मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी तीन प्रश्नांवर बैठक ठेवण्याचे कलम करारातच घालावे : दर पिकांच्या आजच्या भावांशी जुळतो का, धोका अजून तोच आहे का, आणि निधी कुठून येणार. पिकाचे भाव दुप्पट झाले असतील तर जुन्या दरात जंगल टिकणार नाही. भाव पडले असतील तर तोच पैसा दुसऱ्या, जास्त धोक्यातल्या डोंगराकडे वळवता येतो. निधीच नसेल तर ते गावाला पेरणीआधी सांगावे, म्हणजे त्यांना आपले वर्ष ठरवता येईल. सल्लागाराचे शुल्क गावाच्या हप्त्यांतून न काढता वेगळ्या खात्यातून घ्यावे आणि ते किती, हे या बैठकीत वाचून दाखवावे.